विम्यात न बसणारे चार पेग

थायलंडला जायचं ठरलं तेव्हा आम्हा चौघांत विमा हा शब्द मनावर घेणारा एकटा भाईजान होता. त्याचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे, त्यामुळे प्रवासात माणसाचं काय काय होऊ शकतं याची त्याच्याकडे भरपूर आणि रसाळ माहिती असते. त्यानं आम्हाला ऑफिसात बसवलं, चहा मागवला आणि कुणाचं तरी मृत्युपत्र वाचायला घ्यावं तसे पॉलिसीचे कागद उघडले.

"बॅग लेट आली तर जरुरी सामान घ्यायचे पैसे मिळतात. मगर पावती होना. पासपोर्ट हरवला तर नवीन काढायचा खर्च. अपघात झाला, अचानक आजारी पडलं, तर दवाखाना."

"अन् तिथं गेल्यावर आवडलंच नाय तर?" हे मामानं विचारलं. मामा बजाजनगरात राहतो, वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, आणि अख्खी कॉलनी त्याला मामा म्हणते म्हणून आम्हीही म्हणतो.

"तो वापस आ जाव. नाराजी का विमा नै होता, मामा. और सुनो, जुनं दुखणं लपवायचं नाही. शुगर है तो शुगर बोलो."

मामानं खाली मान घालून शुगर कबूल केली.

"और आखरी बात. दारू पिऊन पडलं, तर कंपनी एक पैसा देत नाही."

मी आणि मामानं एकदम शेठकडे पाहिलं. शेठनं मिशीवरून हात फिरवला.

शेठचं गुलमंडीत कापडाचं दुकान आहे. गुलमंडीत कापडाची दुकानं किती आहेत हे ज्याला ठाऊक आहे, तो नाव शोधायच्या फंदात पडणार नाही. आमच्यात शेठची ख्याती पिण्याबद्दल होती. दौलताबादच्या रस्त्यावरच्या धाब्यावर आम्ही बसायचो. भाईजान पीत नाही. तो बाटलीत कोरा चहा भरून आणायचा, बर्फ टाकून तो प्यायचा आणि साकी म्हणून आम्हा सगळ्यांचे ग्लास भरायचा. ट्रॅव्हल्सवाला असून त्याला गाडी चालवता येत नाही. त्यामुळे चार पेग रिचवलेला शेठच आम्हाला घरी सोडायचा. मी आणि मामा मागच्या सीटवर एकमेकांच्या खांद्यावर लोळतोय आणि शेठ थानातून कापड फाडावं तशी सरळ गाडी नेतोय! शहरात अशी धडकी भरवणारी क्षमता दुसऱ्या कुणाची नव्हती. मी तर ही गोष्ट लग्नाच्या पंगतीतही सांगायचो, साभिनय.

थायलंडला पोचल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी मैफल जमली. ग्लास भरायला अर्थातच भाईजान. शेठ रंगात आला. गुलमंडीतलं एक गिऱ्हाईक दिवाळीत झिंगून दुकानात कसं आलं होतं, याची नक्कल करायला तो उठला. डोळे अर्धे मिटले, एक पाय हवेत, दोन्ही हात पसरलेले. काय नक्कल होती! मी टाळ्या वाजवत होतो. तेवढ्यात ओल्या फरशीवरून जमिनीवरचा पाय सटकला आणि शेठ उजव्या हातावर आपटला. मनगट नको तिकडे वळलं होतं. आम्ही आणखी थोडा वेळ टाळ्या वाजवल्या, कारण आम्हाला तो नकलेचाच भाग वाटला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, हाड दोन ठिकाणी मोडलंय, ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी लागेल. मग त्यानं विचारलं, "अल्कोहोल?"

शेठनं तोंड उघडलं, पण मामा पुढं सरसावला. "डॉक्टरपाशी खोटं बोलायचं नसतं. भूल द्यायचीय त्याला." आणि चार बोटं डॉक्टरच्या नाकासमोर धरून तो अभिमानानं म्हणाला, "फोर पेग! बिग!"

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. अर्ध्या तासात दवाखान्याची बाई आली. विमा कंपनी नकार देण्याच्या तयारीत आहे, तुम्ही अनामत रक्कम भरा, म्हणाली. आकडा ऐकून मामा खुर्चीत बसला. आमच्या चौघांचे उरलेले पैसे एकत्र केले असते तरी शेठच्या दोन बोटांचंही ऑपरेशन झालं नसतं.

तेव्हा माझं लक्ष भाईजानकडे गेलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो शेठच्या कानाशी वाकला.

"बोल दे ना, यार."

शेठनं मान हलवली. नाही.

"अरे, हात वाकडा राहील. कापड कायसे मोजेगा तू?"

"घरून पैसे मागवतो," शेठ कण्हत म्हणाला. "मोटरसायकल विकतो."

"मोटरसायकल विकेगा, मगर सच नै बोलेगा?"

"कसलं सच?" मी विचारलं. दोघंही छताकडे बघायला लागले.

तेवढ्यात विमा कंपनीच्या मदत केंद्राचा फोन आला. भाईजाननं तो मुद्दाम स्पीकरवर टाकून शेठच्या उशीवर ठेवला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, यह कॉल रेकॉर्ड हो रहा है. क्या घटना के समय आपने शराब पी थी?"

शेठनं माझ्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, मग प्लॅस्टरच्या वाटेवर असलेल्या आपल्या मनगटाकडे पाहिलं. मी नाटकात कामं केली आहेत, पण एवढा मोठा पॉज कुणी घेतलेला मला आठवत नाही.

"नै," शेठ पुटपुटला.

"सर, ज़रा ज़ोर से?"

"नहीं पी थी!" शेठ ओरडला. "कभी नहीं पी! ज़िंदगी में नहीं पी!"

परिचारिका धावत आली. मामाचा जबडा खाली आला. पलीकडची मुलगी म्हणाली, दवाखान्यानं रक्त तपासून अहवाल पाठवला तर कंपनी विचार करेल. फोन बंद झाला.

"मग ग्लासात काय असायचं?" मामानं विचारलं.

"मेरा कोरा चहा," भाईजान म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"अरे, नको होती तर नको म्हणायचं! हा भाईजान नाय का पीत? त्याला काय आम्ही बोलवत नाय?"

"त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे," शेठ म्हणाला. "माझ्यापाशी कारणच नव्हतं. मला चव आवडत नाही. लई कडू लागते. पण एवढंच सांगून बसलो असतो, तर तुम्ही दोन बैठकांनंतर मला बोलवायचं बंद केलं असतं."

बोलावलं असतं, असं आम्ही ठासून म्हणालो. म्हणताना दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

मग मामाच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हंजी बिलाची वर्गणी तू आमच्याइतकीच भरायचास, ती चहाची?"

"व्हय," शेठ म्हणाला. "जगातला सगळ्यात महाग चहा."

रक्ताच्या अहवालात अल्कोहोल शून्य आलं. डॉक्टरनं कागद दोनदा पाहिला, मग मामाकडे असं पाहिलं की मामानं ती चार बोटं खिशात घातली. कंपनीनं मंजुरी दिली, पट्टी बसली, सगळा खर्च विम्यातून भागला. भूल उतरत असताना शेठनं माझा हात धरला. "गुलमंडीत कळू देऊ नको," तो म्हणाला. "बाजारात माझी एवढीच इज्जत आहे."

मी शब्द दिला.

परत आल्यावर शेठला भेटायला मी दुकानात गेलो. हात गळ्यात, भोवती शेजारचे दुकानदार, आणि शेठ सांगत होता, "चार पेग झाले होते. पाचवा ओठाला लावणार, तेवढ्यात..." लोक तल्लीन झाले होते. गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगत होता, याचा मला थोडा रागही आला.

एवढ्यात समोरचा भांडीवाला म्हणाला, "शेठ, एक सांगा. माझा मेव्हणा दुबईला जाऊन आला. तो म्हणतो, पिऊन पडलं तर विमावाले काहीच देत नाहीत. मग तुम्हाला कसं काय दिलं?"

शेठचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला सहन होईना. मी उठलो, गल्ल्यापाशी गेलो, आवाज खाली आणला.

"तीच तर गंमत आहे," मी म्हणालो. "कंपनीलाही तोच संशय आला. त्यांनी रक्त तपासायला लावलं. चार पेग पोटात, आणि अहवालात किती आलं असेल?"

"किती?"

"शून्य."

भांडीवाल्यानं शेठला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आयला," तो अगदी हळू म्हणाला. "चढतच नाय यांना."

शेठनं डाव्या हातानं मिशीला पीळ दिला आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.