मेलेल्या माणसाने धरलेलं बोट

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला फसवायला रांग लागलेली असते. जुनी गाडी विकणारा फसवतो, ग्रीन कार्डाचं गाजर दाखवणारा कन्सल्टन्सीवाला फसवतो, देसी दुकानदार गेल्या दिवाळीचा चिवडा ताजा म्हणून गळ्यात मारतो. पण डेन्मार्कच्या सिनेनटाकडून फसवला गेलेला माणूस आमच्या अख्ख्या शॉमबर्ग गावात एकच, आणि तो मी. हा मान मी कुणाला वाटून देणार नाही.

२००४ च्या हिवाळ्यात तो आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आला. त्या वर्षी थंडी अशी होती की पार्किंगमध्ये शिंकलं तर शिंक गाडीच्या काचेवरून खरवडून काढावी लागे. मी तळघरातल्या लाँड्रीत गेलो, तर ताडमाड उंच, पिकल्या केसांचा एक माणूस ड्रायरमध्ये फिरणाऱ्या आपल्याच शर्टांकडे टक लावून बसलेला. मला वाटलं, अरे, याला तर आपण मरताना पाहिलंय!

"मी तुम्हाला मरताना पाहिलंय," मी सरळ म्हणालो.

त्याने वरही पाहिलं नाही. "कितव्या वेळी?"

प्रश्न बरोबर होता. हॉलिवूडने त्याला हेलिकॉप्टरच्या पात्यात घालून मारलं होतं, धरणावरून ढकललं होतं, वितळत्या लोखंडात बुडवलं होतं. गडी मूळचा डेन्मार्कातल्या जटलंडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातला. बाप मासेमार. हा पळून कोपनहेगनला गेला, नाटक शिकला, आणि पंधरा-वीस वर्षं डॅनिश सिनेमात पाद्री, प्रियकर, प्रेमात पडलेला पाद्री असली मुख्य कामं केली. तिकडे म्हणे तो पाव घ्यायला जायचा त्या दुकानाबाहेर बाया उभ्या राहायच्या. मग अमेरिकेने बोलावलं. इथे पहिल्या सिनेमात त्याला रशियन केला, दुसऱ्यात जर्मन, तिसऱ्यात सर्ब, आणि पुढे तर कुठला ते ठरवायचेही कष्ट कुणी घेतले नाहीत. नुसता 'युरोपियन'. डॅनिश माणूस म्हणून एकदाही नाही. आणि मरण मात्र ठरलेलं, तेही प्रेक्षकांचं पॉपकॉर्न संपायच्या आत. शॉमबर्गला आला तो घटस्फोटानंतर. लेक आईबरोबर जवळच राहायची, तिला शनिवार-रविवार भेटता यावं म्हणून.

मी त्याला वर जेवायला बोलावलं. बायकोने वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर असा बेत केला. त्याच्या ताटात तिने पहिला भात वाढला, तो म्हणाला, "टाक." तिने आणखी वाढला. "टाक." पुन्हा वाढला. "टाक, टाक." भाताचा डोंगर त्याच्या हनुवटीला टेकायला आला तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "मराठी बोलतो हे चांगलंय रे, पण पहिल्याच भेटीत मला एकेरी? 'वाढा' म्हणता येत नाही का? टाक काय टाक! मी काय गाईला पेंड टाकतेय?"

नंतर कळलं, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'आभारी आहे'. तो बिचारा दर डावाला आभार मानत होता आणि आम्ही त्याला भातात पुरत होतो. पण पठ्ठ्याने सगळा संपवला. बायकोने तिथेच त्याला पास केलं.

मग दर शुक्रवारी तो वर. मी बोलायचो, तो ऐकायचा. ऐकणं हा त्याचा धंदाच होता. मी वाढवून सांगतो असं माझे मित्र म्हणतात. म्हणू देत. नागपूरच्या उन्हात आम्ही गाडीच्या बॉनेटवर पोहे केले, ते मी त्याला सांगितलं. आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना माकडाने राजीनामा द्यायला लावला, तेही सांगितलं. तो हसून हसून खुर्चीवरून घसरायचा.

आणि एका शुक्रवारी मी त्याला बोटाची गोष्ट सांगितली.

माझे बाबा नागपूरच्या पूर्वेला, साकोलीकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षक. दिवसा गुरुजी, आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरल्या की झाडीपट्टीच्या नाटकांतले नट. शेताच्या बांधावर स्टेज, समोर भाताच्या तणसावर बसलेली चार गावं. मी पाच वर्षांचा असेन. आईच्या मांडीवर झोपलो होतो, जाग आली तर स्टेजवर बाबा मरून पडलेले. अंगावर पांढरी चादर, बाया छाती पिटतायत. नाटक म्हणजे काय हे मला कुठे ठाऊक! मी माणसांच्या डोक्यांवरून चालत गेलो म्हणा ना. स्टेजवर चढलो आणि बाबांच्या छातीवर पडून असा हंबरडा फोडला की चार गावं रडली. बाबा डोळे उघडेनात. पण चादरीखालून त्यांचा हात आला आणि त्यांनी माझं बोट धरलं. गच्च. कुणाला दिसलं नाही, फक्त मला कळलं. मी रडायचा थांबलो. मेलेल्या माणसाने मला सांगितलं, 'मी आहे.'

या गोष्टीला मी कधी पदरचं मीठसुद्धा लावलं नाही. चार गावं सोडली तर. खरं तर दोन होती.

तो डॅनिश हसला नाही. उठला, खिडकीपाशी उभा राहिला, आणि पाठमोराच म्हणाला, "टाक." या वेळी बायकोने काही वाढलं नाही.

पुढच्या वसंतात तो कॅलिफोर्नियाला गेला. एक मोठं काम मिळालं होतं, पहिल्यांदाच खलनायकाचं नाही. २००६ साली तो सिनेमा आला. त्यात तो बाप झाला होता, आजारी बाप. आम्ही मित्रमंडळी मिळून बघायला गेलो, मी सगळ्यांना 'आपला माणूस' म्हणून सांगत. शेवटी तो मरतो. पोरगी अंगावर पडून रडते. आणि चादरीखालून हात येतो आणि तिचं बोट धरतो.

थिएटरभर नाक शिंकरण्याचे आवाज. मला वाटलं, माझ्या बाबांना अमेरिकेत काम मिळालं!

हा आनंद टिकला जेमतेम पंधरवडा. शेजारच्या राज्यात, ट्रॉयला राहणाऱ्या मित्राने मला त्याच्या मुलाखतीची क्लिप फॉरवर्ड केली. खाली लिहिलेलं, "यार, याने तुझी गोष्ट ढापली की तू याची?" मुलाखत घेणारीने विचारलं, तो बोटाचा प्रसंग कुठून सुचला? आणि हा म्हाताऱ्या कोळ्याचा मुलगा डोळ्यांत पाणी आणून सांगतो, की माझे वडील गावात हौशी नाटकं करायचे, मी पाच वर्षांचा होतो, ते प्रेत झाले होते… तणसाच्या जागी बाकं, मंडईच्या जागी चर्चचा हॉल. बाकी चादरीची सुरकुतीसुद्धा माझी.

सगळं मित्रमंडळ उलटलं माझ्यावर. मी ती गोष्ट दहा जणांना आधी सांगितलेली, पण कुणाला आठवेना कधी सांगितली. "तुझं काय रे, तू बॉनेटवर पोहे करतोस," असं म्हणून माणसं हसायची. बायको माझ्या बाजूने होती, पण तीही एकदा म्हणाली, "नक्की तुझ्याच बाबांची ना?"

मी त्याला फोन लावला. तीन-चारदा मेसेज ठेवल्यावर उचलला. आवाजात जराही ओशाळेपणा नाही. उलट, मित्रा, कसा आहेस! मी म्हणालो, ती गोष्ट माझ्या बाबांची होती.

तो म्हणाला, "पण तू तर सगळ्या गोष्टी बनवतोस ना? मला वाटलं, हीपण बनवलेली. बनवलेली गोष्ट कुणाचीच नसते. ज्याला उपयोग, त्याची."

"ती खरी होती."

"खरंच?" तो म्हणाला. त्याला खरोखर आश्चर्य वाटलं होतं, हे सगळ्यात वाईट. "मग तर अजूनच सुंदर आहे." आणि त्याला दुसरा फोन आला.

तुम्ही सांगा, याला चोर म्हणायचं तरी कसं? ज्या घरात चोरी केली ते घर आहे यावरच ज्याचा विश्वास नाही!

पण माझ्याकडे साक्षीदार होता. पुढच्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले. मी एका शनिवारी पॉटलक ठेवला. अख्खं मंडळ बोलावलं, ट्रॉयवाल्या मित्रालाही पाच तास ड्राइव्ह करून यायला लावलं. जेवणं झाली, बाबांना मधल्या सोफ्यावर बसवलं, आणि मित्राने विचारलं, "काका, तुम्ही नाटकात मेला होता, आणि याचं बोट धरलं होतं, हे खरंय का हो?"

बाबांनी चष्मा काढला. "कोणं धरलं?"

"तुम्ही. चादरीखालून."

"मी?" त्यांचा आवाज स्टेजवरचा झाला. "मी हाललो? प्रेत असताना? काहून गा, कोणं सांगितलं तुमाले?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अरे, नाकावर माशी बसली तरी पापणी हालू नाही दिली मी कधी. साकोलीपासून वडशापर्यंत लोक म्हणायचे, मरावं तर गुरुजींनी! अन् मी बोट धरीन? भर अंकात?"

हशा असा उसळला की स्मोक अलार्म वाजायचा बाकी राहिला. मित्राने माझ्या पाठीवर थाप मारली. "जाऊ दे यार. पोहे मात्र खरे होते ना?"

त्यानंतर जे झालं ते मी कुणाला सांगत नाही. बाबांना तो नट बघायचा होता. कसा मरतो, ते बघायचं होतं. मी लायब्ररीतून त्याच्या सगळ्या डीव्हीडी आणल्या. दुपारभर बाबा सोफ्यावर मांडी घालून बसत आणि परीक्षकासारखे बोलत. "हा पडते चांगला. पण मेल्यावर पोट हालते, पाह्य." दोन दिवसांत ते त्याचे भक्त झाले. माझ्या चोराचे!

तिसऱ्या दिवशी मी आजारी बापाचा सिनेमा लावला. हात चादरीखालून आला, बोट धरलं. मी पडद्याकडे नाही, बाबांकडे बघत होतो.

"हे चूक केलं त्यानं," बाबा म्हणाले. "कोणं शिकवलं?"

"मी."

"मंग चुकीचं शिकवलं तू."

"बाबा, मी पाच वर्षांचा होतो. तुमच्या छातीवर पडून रडत होतो. आठवत नाही का?"

"आठवते ना. न आठवाले काय झालं? मोठ्यानं रडत होता तू. लोक खूश झाले होते."

"म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं?"

"मी काय बहिरा होतो? नुसता मेलो होतो." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "तुही माय आली अन् तुले उचलून घेऊन गेली. तिनं धरलं असन बोट. मी हाललो असतो तर नाटक पडलं असतं ना बापा."

मी विचारणार होतो की नाटक पडलं असतं तर काय झालं असतं. पण त्यांचं लक्ष पुन्हा पडद्याकडे गेलं होतं, आणि तिथे नुसती नावं सरकत होती.

"हे संपलं वाटते," ते म्हणाले. "दुसरी लाव. ते हेलिकॉप्टरवाली."

मी उठून ती लावली. हेलिकॉप्टर आलं तसे बाबा सोफ्याच्या कडेला सरकले आणि मला म्हणाले, "आता हालू नको. बघ."