तळ्यावरची ओटी

लेक वाचली म्हणून गावातल्या बाया मला भाग्याची म्हणतात. मला ते ऐकवत नाही. औंढ्याला नागनाथापुढे उभी राहिले की आभाराचा शब्द ओठावर येतो आणि तिथेच अडतो, कारण लेक ज्या पाण्यातून वाचली त्याच पाण्यात माझी धाकटी जाऊ शोभा बुडून गेली आणि तिला तिथे नेणारी मीच होते. देवावरचा विश्वास उडाला असं नाही. पण पहिल्यासारखा तो निवांत राहिला नाही, हे लपवून काय करू?

मी हट्टी बाई. रीत म्हणजे रीत. बाळंतीण सव्वा महिन्याची झाली की आमच्याकडे ती पाण्यावर जाते, साती आसरांची, म्हणजे पाण्यातल्या देवींची, ओटी भरते आणि मगच घागर उचलते. माझी मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जुनी विहीर ढासळली म्हणून आम्ही ती बुजवली होती आणि तिच्या जागी प्लास्टिकची काळी पन्नी अंथरलेलं शेततळं केलं होतं. मी म्हटलं, ओटी तळ्यावर भरू. मालक म्हणाले, "काहून तिकडं जाता? पन्नी लई निसरडी हाय. घरीच कळशी पुजा." मी उसळले, "आसरा काय कळशीत राहत्यात व्हय? तुमी गप बसा." शोभा पदर तोंडाला लावून हसली. "दादा, अक्काम्होरं देवाचं बी चालत न्हाई, तुमचं काय चालंल?"

सकाळचे दहा वाजले असतील. तान्ही नात घरी ठेवून मी, मनीषा, शोभा आणि शेजारच्या दोघी अशा आम्ही पाचजणी गेलो. काठावर सात खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, खण-नारळ ठेवला. ओटीतले तांदूळ पाण्यात सोडायला मनीषा वाकली. तिचा पाय पन्नीवर पडला आणि ती बसल्या बसल्या खाली सरकत गेली, साधी ओरडलीसुद्धा नाही. शोभाने झेप घेऊन तिचा पदर धरला, तर तीही मागोमाग गेली. तळं काठोकाठ भरलेलं, पाणी दोन पुरुष खोल. दोघींनाही पोहता येत नव्हतं. वर चढावं तर पन्नीला धरायला काहीच नसतं; नखं घसरतात, हाताला नुसतं शेवाळ येतं. शोभाने मनीषाला कमरेला धरून वर रेटलं होतं. तिचं स्वतःचं तोंड पाण्यावर येत होतं, जात होतं. आणि मी? मी हात जोडून उभी होते. "नागनाथा, धाव रे, धाव रे," एवढंच म्हणत होते. लिहिताना लाज वाटते.

तेवढ्यात माझ्या पाठीत दणका बसला. "हात काय जोडून राहिली, भवाने! लुगडं सोड!" एक म्हातारी मेंढपाळ बाई होती, आमच्या गावची नव्हे, कधी पाहिलेली नाही. बोलता बोलता तिने स्वतःचं नऊवारी सोडलंसुद्धा आणि पदराला मोठी गाठ मारली. एक शेजारीण पाण्यात उतरायला निघाली होती, तिला तिने केसाला धरून मागे ओढलं. "कोनी उतरायचं न्हाई! पालथ्या पडा, एकमेकीचे पाय धरा!" आम्ही चिखलात पालथ्या पडलो. म्हातारीने फेकलेल्या लुगड्याची गाठ पाण्यात पडली ती शोभाच्या हाताशी. शोभाने ती धरली आणि मनीषाच्या मुठीत दिली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आम्ही ओढलं, लेक वर आली, पाणी ओकली, रडायला लागली. लुगडं पुन्हा टाकलं तेव्हा ते धरायला हात वर आला नाही. गावातल्या पोरांनी गळ टाकून शोभाला काढेपर्यंत दुपार झाली.

म्हातारीने ओलं लुगडं तसंच नेसलं. मी तिचे पाय धरले तर ती म्हणाली, "माजी वाट खालून हाय बाई. एक मेंढी इकडं वळली, तिला हाकाया आले. आमची मेंढरं पडत्यात अशा तळ्यात, मानसं बी पडत्यात." नाव विचारायचं मला सुचलं नाही. नंतर औंढ्याच्या बाजारात, आमच्याकडच्या गोरेगावात पुष्कळ विचारलं. कोणालाच ठाऊक नव्हतं. ती मेंढी काहून वळली, याचा अर्थ मी लावत बसत नाही. वळली, एवढं खरं. त्याबद्दल देवाचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण लुगडं तर माझ्याही अंगावर होतं. ते त्यानेच दिलेलं होतं, आणि मी त्याच्याकडे आणखी काय मागत होते कोण जाणे.

तेराव्याला मी दिरांपुढे, शोभाच्या नवऱ्यापुढे, बसले आणि म्हटलं, "भाऊजी, देवाची मर्जी." त्यांनी मान वर केली नाही. "वहिनी, देवाचं नाव घेऊ नका. तितं दोर न्हवता." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी रडले, रागावले, मग कधीतरी मला ते पटलं. आता शिवारात कोणाकडे बाळंतीण असली की मी आपणहून जाते, दारातच कळशी पुजायला लावते, आणि ज्याच्या तळ्याला कुंपण नाही, दोर नाही, त्याच्याशी भांडून येते. लोक म्हणतात, ही बाई चळली. म्हणेनात का.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी शेतात तण निंदत होते. दीर तळ्यावर आले, खांद्यावर काथ्याचा जाड दोर, हातात धरून तरंगायला हवा भरलेली टायरची जुनी ट्यूब. त्यांनी काठापासून लांब लोखंडी खुंटा ठोकला, दोराला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या, एक टोक खुंट्याला आवळलं. दोर पाण्यापर्यंत पुरतो का ते बघायला दुसरं टोक कमरेला बांधून ते पन्नीवर उतरायला निघाले. मी लांबूनच बघत होते. खुंटा पक्का होता, माझी काही गरज नव्हती. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि वर्षाने पहिल्यांदा मला हाक मारली, "वहिनी, तुमी बी धरा."

मी धावत गेले, पालथी पडले आणि दोन्ही हातांनी दोर धरला. देवा, एवढं तरी माझ्या हातात दिलंस.