दसऱ्याचा बार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आज सांगतोय तेही फार मोठा धीर गोळा करून नव्हे — वय झालं, आणि गोष्ट पोटात तशीच पडून आहे, एवढंच. तुमची माझी ओळख नाही म्हणून जरा सोपं जातंय. मध्येच मी इकडचं तिकडचं बोलायला लागलो, तर समजून जा की टाळतोय. टाळण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

पंच्याण्णवच्या आसपास मी आळे गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो. नवं लग्न, रविवार मोकळा, आणि अंगात नाही नाही ते छंद. रेडिओ जुळवून झाले, फोटो काढून झाले. अशाच एका रविवारी लुना घेऊन येडगावच्या धरणाकडे गेलो होतो, तर पाण्याच्या काठच्या शेतातून धाडकन आवाज आला. पाहतो तर पांढऱ्या धुराचा लोट, पळणारी वानरं, आणि बांधावर शांतपणे बसलेला एक म्हातारा. मांडीवर त्याच्याएवढीच लांब बंदूक.

ते नाना. साठी उलटलेली, चार एकर भुईमूग आणि ऊस, आणि पिकाच्या राखणीसाठी वडिलांच्या नावावरून त्यांच्या नावावर आलेला परवाना. बंदूक ठासणीची. म्हणजे काडतूस घातलं, चाप ओढला, असलं काही नाही. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, मग चिंधी, मग शिशाची गोळी. लांब गजाने ते सगळं तळापर्यंत ठासायचं. घोड्याखाली ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी बसवायची. मग एक बार — एकच. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मी तर खुळाच झालो. दारूचं ज्वलन मी फळ्यावर खडूने शिकवायचो, आणि इथे ते खांद्याला लागत होतं! नानांना वाटलं, पावणं एक दिवस हौस करून जाईल. मी दर रविवारी जाऊ लागलो. पुढची तीन वर्षं गेलो. ओसाड काठावर मातीच्या उंचवट्याला पाठ करून जुनी मडकी मांडायची आणि नेम धरायचा. पहिले दोन महिने नानांनी मला बार काढूच दिला नाही, नुसती नळी धुवायला लावली. गरम पाणी, चिंध्या, तेल. मी कुरकुरलो की म्हणायचे, "मास्तर, जी धुता येत न्हाई ती भरू नये."

गजावर त्यांनी खिळ्याने दोन खुणा कोरल्या होत्या. गज नळीत सोडला आणि वरची खूण तोंडाशी आली तर नळी रिकामी. खालची खूण आली तर बरोबर एक बार भरलेला. भरण्याआधी गज सोडून बघायचा, भरून झाल्यावर पुन्हा बघायचा. हा नियम त्यांनी माझ्याकडून इतका घोटून घेतला की वर्गात नळकांडं हातात घेतलं तरी मी आत डोकावायचो. पोरं हसायची.

आता हेही सांगून टाकतो, की कायद्याने मला ती बंदूक हातात धरायचाही अधिकार नव्हता. परवाना नानांचा. पण परवान्यावर मालकाच्या वतीने आणखी एका माणसाचं नाव चढवता येतं. नाना एकदा सहज म्हणाले होते, "पुढच्या टायमाला तुमचंच नाव घालू मास्तर, मला पोरगं न्हाई." सहज म्हणाले — हे मला आज कळतं. तेव्हा मी ते काळजावर लिहून ठेवलं. बायकोलाही सांगून टाकलं. तिने कपाळाला हात लावला, ती गोष्ट वेगळी.

पोरगं नव्हतं, पण भाचा होता. अंकुश. बहीण गेल्यावर नानांनी त्याला लहानाचं मोठं केलं होतं. पंचविशीचा, अबोल, मोटारी दुरुस्त करण्यात हुशार. बंदुकीत त्याला काडीचा रस नव्हता. मी मडकी फोडायचो तेव्हा तो लांब पंपाशी काहीतरी खोलत बसलेला असायचा. आम्ही एकमेकांशी वाईट नव्हतो. एकमेकांशी काहीच नव्हतो.

मग ती खंडेनवमी आली. घरातली हत्यारं पुजायचा दिवस. कोयते, खुरपी, पाना, आणि नानांच्या घरी पाटावर मधोमध बंदूक. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गाव शिवेवर सोनं लुटायला जमलं, की त्या बंदुकीचा कोरा बार निघायचा. गोळी नाही, नुसती दारू आणि चिंधी. तो आवाज झाल्याशिवाय कुणी आपट्याला हात लावायचं नाही, अशी त्या गावची रीत. यंदा तो बार नाना मला काढायला लावतील असं मी मनात धरूनच चाललो होतो. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही.

सकाळीच गेलो. पूजेसाठी बंदूक धुतली, पुसली, तेल दिलं. नाना झेंडू आणायला गेले होते. इतकी चकचकीत नळी बघून मला राहवेना. काठावर गेलो आणि बार भरला. दारू, चिंधी, गोळी, गज. खालची खूण बरोबर तोंडाशी. टोपी तेवढी बसवायची राहिली होती, तोच झेंडू घेऊन परतलेल्या नानांनी घरातून हाक मारली.

आत गेलो. त्यांच्या हातात परवाना होता, नूतनीकरण होऊन आलेला. लहान मुलाने प्रगतिपुस्तक दाखवावं तसा त्यांनी तो माझ्यापुढे धरला. दुसरं नाव चढलं होतं. अंकुशचं. "उद्याचा बार बी त्योच काढंल. घरातला मानूस हाय, शिकंल हळूहळू. तुमी हाईतच की शिकवाया."

मी हसलो. छान झालं म्हणालो. आणि आतून — कसं सांगू? तीन वर्षं मी त्या माणसाच्या चिंध्या धुतल्या होत्या. मला न विचारता, न सांगता? आज बघतो तर त्यात चुकीचं काहीच नव्हतं. घरचा माणूस तो, मी कोण? पण त्या क्षणी माझा विश्वासघात झाला असंच मला वाटलं, आणि ते वाटणं मी चांगलं घट्ट धरून ठेवलं. धरायला आवडलं मला.

बंदूक माझ्या हातात होती. भरलेली. बाहेर जाऊन बार काढून टाकायचा — दोन मिनिटांचं काम. मावशींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, पाट मांडला होता. त्या म्हणाल्या, "ठेवा इथं." आणि मी ठेवली.

विसरलो, असं म्हणता आलं असतं. इतकी वर्षं स्वतःशी तेच म्हणत आलो. पण विसरलो नव्हतो. हळदकुंकू वाहताना मला पक्कं ठाऊक होतं की आत बार आहे. माझ्या मनात होतं ते एवढंच — अंकुश उद्या न बघता वर आणखी भरेल, बंदूक त्याच्या खांद्यावर अशी आदळेल की गडी सगळ्या गावासमोर मागच्या मागे बसेल. मग नानांना कळेल कुणाचं नाव घालायला हवं होतं. एवढंच. नळी फुटू शकते हे मला माहीत नव्हतं का? विज्ञानाचा शिक्षक मी. दाब म्हणजे काय हे पोरांना मीच शिकवायचो.

दसऱ्याला मी गेलो. जायला नको होतं, पण बघायचं होतं ना! शिवेवर सगळं गाव. हलगी वाजत होती, बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या. पोलीस पाटील होते, आमचे हेडमास्तर पाहुणे म्हणून आले होते. नानांनी बंदूक अंकुशच्या हातात दिली. तो अवघडला. दोन्ही हातांवर धरून त्याने ती मामाला परत दिली. म्हणाला, "यंदा बी तुमीच काढा मामा. तुमी हाये तवर मी न्हाई." लोकांना ते आवडलं. नानांचे डोळे भरून आले.

आणि नाना बार भरू लागले.

ठासणीची बंदूक भरायला वेळ लागतो. हीच तर तिची गंमत, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. दारू मोजायची, ओतायची, चिंधी गुंडाळायची, गज घ्यायचा. दोन-तीन मिनिटं सहज जातात. तेवढ्या वेळात माणूस किती वेळा ओरडू शकतो? मी वीस पावलांवर होतो. पण ओरडायचं म्हणजे काय सांगायचं — की आत बार आहे, तो मी भरला, जिला हात लावायचा मला अधिकार नाही ती बंदूक भरून मी पूजेत ठेवली? पाटलांसमोर? हेडमास्तरांसमोर?

आधी गज सोडून बघायचं नानांनी टाळलं. कारण नळी मी धुतली होती. ठासून झाल्यावर मात्र गज नेहमीपेक्षा चांगला चार बोटं वर राहिला. मला दिसला. नानांनाही दिसला. ते थांबले. गर्दीतून त्यांनी मला शोधलं आणि भुवया वर केल्या — साफ आहे ना, मास्तर?

मी मान हलवली.

हेच सांगायचं होतं. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं. मी मान हलवली, हो म्हणून, आणि नानांनी चिंधी जाड बसली असेल असं समजून गज काढला, टोपी बसवली.

नळी मधोमध फुटली. नानांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली आणि डावा डोळा गेला. माणूस वाचला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मलाच विचारलं, "मास्तर, तुमी रिकामीच ठिवली व्हती ना?" आता तरी? खाटेवर पडलेला तो माणूस, अर्धा चेहरा पट्टीत. मी म्हणालो, "हो नाना. रिकामीच." पंचनाम्यातही तेच सांगितलं गेलं — नळी धुतल्यावर बंदूक पूजेत होती. कुणी धुतली हे नानांनी सांगितलंच नाही, माझी नोकरी जाऊ नये म्हणून.

मग भरली कुणी? घरात रात्रभर होतं कोण? परवान्यावर नव्यानं नाव कुणाचं? आणि ऐनवेळी बंदूक परत केली ती कुणी? गावाने आठ दिवसांत हिशेब जुळवला. पोराने पहाटे चोरून भरून पाहिली, मग घाबरला आणि मामाच्या हातात दिली. त्याचं ते सगळ्यांना आवडलेलं वाक्यच त्याच्या गळ्यात आलं. अंकुश शपथा घेत राहिला. नानांनी एक दिवस ऐकून घेतलं, दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "केलं ते केलं. पर कबूल तरी कर." तो काय कबूल करणार? मी तिथेच बसलो होतो. माझ्या हातात मावशींनी दिलेला चहा होता.

तो महिनाभरात घर सोडून घोडेगावला गेला. बंदूक गेली, परवाना गेला. नाना त्यानंतर नऊ वर्षं जगले. मी रविवार चुकवला नाही. पेपर वाचून दाखवायचो, डोळ्यात औषध घालायचो, पावसाळ्यात पत्र्याच्या गळक्या जागा बुजवायचो. लोक म्हणायचे, सख्खा मुलगा करणार नाही एवढं मास्तर करतात. नाना अंकुशचं नाव काढत नसत. एकदाच म्हणाले, "हाताचं न्हाई वाईट वाटत मास्तर. पोटाशी धरलेलं पोरगं खोटं बोललं, त्ये जात न्हाई." तेव्हाही मी त्यांना ते घेऊन जाऊ दिलं. ते गेले तेव्हा अंकुश आला होता, पण लांब रस्त्यावर उभा राहिला. कुणी त्याला पुढे ये म्हटलं नाही. मीही नाही.

पुढे माझी बदली घोडेगावकडच्या शाळेत झाली. दोन-तीन वर्षं मी एस.टी. स्टँडजवळचा तो रस्ता टाळला. मग घरातली पाण्याची मोटार जळाली, आणि सगळे एकच नाव सांगू लागले. गेलो. केस पिकलेले, हात ग्रीसने काळे. त्याने मला लगेच ओळखलं. फडक्याने खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मोटार खोलता खोलता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्यावर कुनी इस्वास ठेवला न्हाई मास्तर. पर मामाला तुमी शेवटपातुर सोडलं न्हाई. त्येवढ्या एका गोष्टीनं मला झोप लागती."

मी चहा संपवला. दुसऱ्या दिवशी मोटार घेऊन आलो. ती अजून चालू आहे.