गोमुखीतला बेडूक

भडगावात कोणाकडे लग्न ठरलं की आचाऱ्याच्या आधी मंजुळाबाईला सांगावा जायचा. खापरावरचे मांडे करावेत तर तिनंच. पुरण भरलेला उंडा ती या हातावरून त्या हातावर असा खेळवायची की बघता बघता मांडा कोपरापर्यंत पसरायचा, आणि कुठे भोक म्हणून पडायचं नाही. लग्नघरच्या पोरी मेंदीचे हात सांभाळत तिच्याभोवती बघत बसायच्या. नवरा गेल्यावर याच कामावर तिनं लेकाला, समाधानला, मोठं केलं. समाधान आता शाळेची व्हॅन चालवतो, सून पुनम घरी शिवणकाम करते. सकाळी तुळशीला पाणी, एकादशीचा उपवास आणि संध्याकाळी देवळात भजनाला टाळ, यापलीकडे मंजुळाबाईनं देवाला कधी फार तोशीस दिली नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि पाचोऱ्याच्या एका लग्नात, खापर तापलेलं, मांडा दोन्ही हातांवर पसरलेला, अशात तिच्या छातीत एकाएकी धडधड सुरू झाली. श्वास पुरेना, डोळ्यांपुढे अंधारी. मांडा मधोमध फाटला आणि पुरण चुलीत पडलं. बायकांनी तिला सावलीत नेऊन कांदा हुंगवला. कोणी म्हणालं नजर, कोणी म्हणालं पित्त. घरी मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. समाधाननं छातीची पट्टी काढून आणली, रक्त तपासून आणलं. सगळ्या कागदांवर डॉक्टरांचं एकच म्हणणं, नॉर्मल.

“नॉर्मल शे, तर मंग माले काय व्हई ऱ्हायनं?” मंजुळाबाईनं विचारलं.

धडधड मात्र येतच राहिली. बाजारात भेंडी निवडताना यायची, आंघोळीला बसल्यावर यायची, काही म्हणता काही कारण नसताना यायची. पुन्हा लोकांच्या चुलीत पुरण पडायला नको म्हणून तिनं लग्नांना जाणं सोडलं.

शेवटी पुनमनं जळगावच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. त्या मनाच्या डॉक्टर आहेत हे कळलं तेव्हा मंजुळाबाई उंबऱ्यातच बसली. “मी येडी शे का वं?”

“आई, वेड्या माणसाला तुमच्याइतकं मुद्देसूद भांडता येत नाही. चला.”

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. असं बऱ्याच जणांना होतं म्हणाल्या, गोळ्या लिहून दिल्या, श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. मग त्यांनी टेबलाखालून एक टोपलं काढलं. त्यात खेळणी. दाबलं की टपटप वाजणारे रबरी बुडबुडे, वाळू भरलेला ससा, मऊ काट्यांचे गोळे. “यातलं हाताला बरं वाटेल ते घ्या,” त्या म्हणाल्या. मंजुळाबाईनं मागे वळून पाहिलं, कोणी लेकरू आलंय का म्हणून. खोलीत लेकरू नव्हतं.

तिचा हात एका हिरव्या बेडकावर गेला. लिबलिबीत, गार, पोटाला बारीक खवले. दाबला की बोटांमधून बाहेर यायचा आणि सोडला की हळूच पुन्हा बेडूक व्हायचा.

“धडधड सुरू झाली की याला सावकाश दाबायचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बोटांना काय काय लागतंय तिकडेच लक्ष ठेवायचं. सोडताना श्वास लांब सोडायचा.”

“गोळीचं समजलं मला. पण हा काय करणार?”

“करून बघा ना आजी. नाही जमलं तर मला परत आणून द्या.”

परत द्यायची वेळ आली नाही, हाच घोटाळा झाला. बेडूक लागू पडला. दर वेळी नाही, पण पुष्कळदा. बाजारात धडधड आली की मंजुळाबाई पिशवीत हात घालून त्याला दाबायची, खवले बोटांनी चाचपायची, आणि थोड्या वेळानं भेंडीचा भाव विचारण्याइतकी ताळ्यावर यायची. हे कसं होतं ते तिला कळेना. देवाधर्माचं एक समजतं, डॉक्टरच्या सुईचंही समजतं. पण साठी ओलांडलेल्या बाईची भीती एका रबरी बेडकानं पळावी, हे कोणत्या खात्यात घालायचं?

आणि लाज तर होतीच. ओट्यावर गल्लीतल्या बायका गहू निवडायला बसायच्या. त्यांच्यादेखत हिरवा बेडूक काढून कसा दाबायचा? पुनमनं तोडगा काढला. ब्लाउजपीसच्या उरलेल्या लाल तुकड्याची तिनं एक पिशवी शिवली, वरून हात आत जाईल अशी, पण आतलं कोणाला दिसणार नाही अशी. हाताला अडकवायला नाडीही लावली.

समोरच्या घरातली कौतिकबाई मंजुळाबाईच्याच वयाची, तिच्याशी जन्माचा लळा आणि जन्माची भांडणं असलेली. ती दुपारी आली तेव्हा मंजुळाबाई डोळे मिटून ओट्यावर बसली होती. हात पिशवीत, ओठ किंचित हलत होते.

“काय वं मंजुळे, बसल्या बसल्या डुलक्या देस का?”

मंजुळाबाईचा लांब श्वास अर्ध्यावर होता. तो तोडायचा नाही असं बजावलेलं. ती बोलली नाही. कौतिकबाईची नजर लाल पिशवीवर गेली. आतल्या बोटांच्या हालचालीवर गेली. तिनं झटकन तोंडावर हात ठेवला.

“माय वं! गोमुखी! जपाला बसल्या आणि मी मेली मधेच बोलले. चुकलं माझं.” गोमुखी म्हणजे जपाची माळ झाकायची पिशवी. माळ फिरत असताना बोलायचं नसतं, हे कौतिकबाईला ठाऊक. तिनं लांबूनच हात जोडले आणि पावलं न वाजवता निघून गेली.

मंजुळाबाईनं डोळे उघडले तोवर गल्लीत बातमी पोचली होती.

दुसऱ्या दिवसापासून कौतिकबाई तिला “अक्का, तुम्ही” म्हणू लागली. आयुष्यभर “मंजुळे, तू” म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून ते ऐकून मंजुळाबाईला आपणच कोणी परक्या झालो की काय असं वाटायला लागलं. देवळात बायका तिला पुढे बसायला जागा करून द्यायच्या. पुजारी बन्सीलाल तर एकदा कीर्तन संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, “जप करावा तर असा. हात थांबत नाही आणि तोंडानं बडेजाव नाही.”

“महाराज, तसं नाही हो ते,” ती गडबडली. “ते माझं औषध आहे.”

“हेच! नामाला औषध म्हणणारा माणूस आजकाल कुठे मिळतो?” बन्सीलालनं सगळ्यांकडे बघून मान डोलावली.

झालं. पुढे काय बोलणार?

घरी आल्यावर तिनं पुनमला विचारलं, “मी खोटं बोलतेय का गं?”

“तुम्ही कुठे काय बोललात?”

“तेच तर. बोलले नाही म्हणून तर झालं.”

खरी गुंतागुंत तिनं पुनमलाही सांगितली नव्हती. श्वास सोडताना तिच्या तोंडून आपोआप “हरी” निघायचं. कोणी शिकवलं नव्हतं. लांब श्वास सोडायचा तर त्याच्याबरोबर काहीतरी यायला हवं, आणि लहानपणापासून तिच्या तोंडात तेवढंच बसलेलं. कधी निघायचं, कधी नुसताच वारा. मग हा जप झाला की नाही? माळ नाही, नेम नाही, हातात बेडूक. देवासमोर उभी राहून तिनं विचारूनही पाहिलं. देव नेहमीसारखाच कमरेवर हात ठेवून उभा होता.

तिनं ठरवलं, पिशवी बंद. दोन-चार दिवस बेडूक फडताळात ठेवला. देवळात आरतीच्या ऐन गर्दीत धडधड आली आणि टाळ हातातून पडले. पुन्हा पिशवी सुरू झाली. सांगायचं राहूनच गेलं.

कौतिकबाईची सून दिपमाला सातव्या महिन्यातच बाळंत झाली. जळगावच्या दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. मूठभर जीव, नाकात नळी. नातवाची खबर घ्यायला गेलेली कौतिकबाई परत आली ती घरात न शिरता सरळ मंजुळाबाईच्या ओट्यावर.

“अक्का, चला तुम्ही. पोरगी जेवत नाही, झोपत नाही. सारखं तुमचंच नाव काढते. म्हणते, अक्का एवढा जप करतात, त्यातलं थोडं पुण्य माझ्या बाळाच्या नावानं सोडा म्हणा.”

जपाचं पुण्य पाणी सोडून दुसऱ्याला देता येतं, हे मंजुळाबाईनं आईच्या मांडीवर बसून पाहिलेलं. आजारी माणसाच्या उशाशी म्हाताऱ्या बायका ओंजळीतून पाणी सोडायच्या आणि म्हणायच्या, माझं केलेलं तुझ्या नावे. पण ज्याच्याजवळ आहे त्यानं द्यायचं. तिच्याजवळ काय होतं?

जळगावच्या बसमध्ये पुनम शेजारी आणि कौतिकबाई पुढच्या सीटवर बसली होती. मंजुळाबाईच्या डोक्यात एकच गिरणी फिरत होती. खरं सांगावं तर त्या पोरीनं धरलेली एकुलती एक काडी आपण मोडतो. न सांगता पाणी सोडावं तर ते रिकामं पाणी, आणि तेही काचेच्या पेटीतल्या लेकराच्या नावानं. देवाच्या नावानं लेकराला फसवायचं? आणि रिकामं नसलं तर? निघालंच होतं ना कधीमधी तोंडातून. तिनं पिशवीत हात घातला. बेडूक दाबला. श्वास सोडला तर आज “हरी”सुद्धा निघालं नाही.

दिपमाला बाळाच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. मंजुळाबाईला बघून ती उठली आणि वाकून पाया पडली. बाळंतीण पोर, अंगात त्राण नाही, तरी वाकली. मग तिनं पाण्याची बाटली उघडली, झाकणात पाणी ओतलं आणि ते छोटं निळं झाकण दोन्ही हातांनी पुढे केलं.

“अक्का, सोडा ना. आज डॉक्टर बोलतच नाहीत काही नीट.”

मंजुळाबाईनं झाकण घेतलं. घेताना अर्धं पाणी साडीवर सांडलं. झाकण तिनं बाकावर ठेवलं, मनगटाची नाडी सोडली, आणि लाल पिशवीतून हिरवा बेडूक काढून दिपमालाच्या हातावर ठेवला.

“हे काय?” दिपमाला म्हणाली.

“हेच असतं त्यात. माळ नाही पोरी. माझ्या छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरीणबाईंनी दिलं. सगळ्यांना जप वाटला आणि मी गप्प बसले. तुझ्या लेकराला द्यायला माझ्याजवळ काहीच नाही.”

“माय वं, बेडूक!” कौतिकबाई ओरडली. मग दवाखाना आहे हे आठवून आवाज दाबत म्हणाली, “मंजुळे! आख्ख्या गल्लीले तू बेडूकना पाया पडाले लावं?” तिचं “तुम्ही” तिथेच संपलं. ती तोंडात पदर कोंबून हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं.

दिपमाला हसली नाही. ती हातातल्या बेडकाकडे बघत राहिली. मंजुळाबाईला वाटलं, आता ही मला उठून जा म्हणेल, आणि म्हणावंच.

“दाबताना तुम्ही ओठ हलवायच्या ते?” दिपमालानं विचारलं. “मी पाहिलंय खिडकीतून. पुष्कळदा.”

“श्वास सोडताना हरी निघायचं. पण कधी निघायचं, कधी नाही. मुद्दाम नव्हतं गं. भीती वाटायची म्हणून निघायचं. त्याला जप म्हणतात का, मला खरंच माहीत नाही.”

दिपमालानं नाक ओढलं. झाकणात पुन्हा पाणी ओतलं.

“जेवढं निघालं तेवढं सोडा.”

“अगं पण किती ते...”

“तेवढंच सोडा अक्का. जास्तीचं नको.”

मंजुळाबाईनं पुनमकडे पाहिलं. पुनमनं खांदे उडवले, पण डोळे पुसले. पाणी कुठे सोडायचं हाही प्रश्नच. सगळीकडे पांढऱ्या फरश्या आणि बाटलीतल्या औषधाचा वास. शेवटी जिन्याजवळच्या कुंडीपाशी सगळ्या गेल्या. मंजुळाबाईनं झाकणातलं पाणी उजव्या तळव्यावर घेतलं. काय म्हणायचं ते सुचेना. “देवा, जे काही असेल ते,” एवढंच म्हणाली आणि हात वाकडा केला. पाणी कुंडीत पडलं आणि मातीनं ते पिऊन टाकलं.

तेवढ्यात नर्सनं दिपमालाला आत बोलावलं. कशासाठी ते सांगितलं नाही. दिपमाला लगबगीनं गेली, तिच्यामागे कौतिकबाई, आणि दार लागलं. थोड्या वेळानं कौतिकबाईनं अर्धं दार उघडून बेडूक परत दिला. बाळाचं दूध काढायला बोलावलं होतं म्हणाली. बाळ आहे तसंच आहे. “तू जाय आते घर. मी शे आठे.”

परतीची बस भरलेली होती. पुनमनं कसंबसं तिला खिडकीशी बसवलं. एरंडोल मागे पडलं तशी मंजुळाबाईची छाती पुन्हा धडधडू लागली. तिनं बेडूक काढला. पिशवीत ठेवायचं आज सुचलंच नाही. शेजारच्या सीटवरचा माणूस वाकून बघत होता. बघेना का. दाबला, सोडला, आणि लांब श्वासाबरोबर “हरी” निघालं.

ती दचकली.

“पुनम, आता हे कोणाचं?”

“काय कोणाचं?”

“मघाशी सगळं सोडलं ना तिथे. आता जे निघालं ते माझं की बाळाचं?”

पुनमनं जरा विचार केला. “मला काय माहीत आई. बाळाचंच असू द्या की.”

“असं चालतं का?”

“ते कोणाला विचारू मी?”

बाहेर कापसाची शेतं पळत होती. मंजुळाबाईनं बेडूक पुन्हा दाबला, आणि या वेळी श्वास सोडण्याआधी मनातल्या मनात त्या मूठभर जिवाचा चेहरा आठवायला लागली. पण बाळ तिनं पाहिलंच नव्हतं. कोणीच आत सोडलं नव्हतं तिला.