शेजाऱ्यांच्या मायेत बुडालेले टोमॅटो

मर्गिलान शहराच्या कडेला खुर्सनायच्या घरामागे तीन वाफे. नवरा वारला तेव्हा मागे ठेवून काय गेला, तर चिमूटभर बी. गुलाबी टोमॅटोचं, एक फळ दोन हातांनी धरावं असं. ते सगळं तिनं यंदा पेरलं, अठरा रोपं झाली. हा वाण गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. ही अठरा गेली की संपलंच.

आणि नेमक्या ह्याच रोपांनी माना टाकल्या.

तिथं पाटाचं पाणी पाळीनं येतं, घराला आठवड्यातून एकदा. पाळीवरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. पण बाई एकटी पडली म्हणून गल्लीतली सहा घरं आपापल्या पाळीतलं थोडं थोडं पाणी तिच्या सरीत सोडायला लागली. रोपं सुकलेली दिसली की पाटापलीकडचा म्हातारा तोख्तासिन, ज्याला सगळे अका, म्हणजे दादा, म्हणत, तो आणखी थोडा बांध फोडायचा.

खुर्सनायलाही आधी तहानच वाटली. वरची माती उन्हानं पापड झालेली. पण तहानलेलं रोप दुपारी मान टाकतं आणि सकाळपर्यंत सावरतं. ही तर सकाळीही तशीच. तिनं मातीत बोट खुपसलं. पापडाखाली नुसता चिखल, भिजवलेल्या कणकेसारखा. मग मन घट्ट करून एक रोप उपटलं. मुळं पांढरी हवीत, ती चहाच्या रंगाची. चिमटीत धरून ओढलं तर साल निघून आली, आत दोरा उरला.

आता सांगायचं कसं? त्या गल्लीत पाणी नको म्हणणं म्हणजे दारी आलेली भाकरी परत धाडणं. तेवढ्यात अका फावडं घेऊन हजर.

"अका, आज बांध फोडू नका."

"का गं, माझं पाणी खारट झालं?"

"गोड आहे म्हणून तर पिऊन पिऊन पडलीत. ही मुळं हुंगा."

त्यानं हुंगून तोंड वाकडं केलं. "डबक्यासारखा वास येतोय."

"मुळं कुजलीत. आता पाणी प्यायला तोंडच नाही त्याला."

अका बांधावरच बसला. "म्हणजे तुझ्या माणसाचं बी मी मारलं?"

"एकट्यानं कुठं? सहा घरांनी मिळून. एवढी एकी तुमच्यात लग्नकार्यात तरी दिसते का?"

म्हातारा हसला, मग टोपीनं डोळे पुसले.

"पाणी राहू द्या," ती म्हणाली, "पण तुम्ही येत जा. कुदळ घेऊन."

दोघांनी सरीचं खालचं तोंड फोडून साचलेलं पाणी काढलं. आधी उपटलेलं धरून सात रोपं गेलेलीच होती, राहिलेली सहाही उपटली. बाकीच्यांच्या बुंध्याला कोरडी माती चढवली, कारण टोमॅटोचा दांडा मातीत गेला की त्याला नवी मुळं फुटतात. मग पाणी बंद. वीतभर खालचं ढेकूळ हातात भुगा होईपर्यंत एक थेंब नाही. दहाव्या सकाळी नऊ रोपं ताठ उभी होती. दोन काही उठली नाहीत.

पहिलं पिकलेलं फळ तिनं खाल्लं नाही. बी धुऊन, वाळवून सहा पुड्या बांधल्या, घरटी एक. अकाच्या बायकोच्या हाती पुडी देताना मात्र बजावलं, "पेर खुशाल, पण पाण्याच्या वेळी ह्यांना घरात कोंडून ठेव."