दादाचं रीडिंग

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांची जर्नल्स तपासत होते. "माधवी, हे गेले गं," एवढंच ती म्हणाली. त्याला आता दीड महिना होत आला. मेंदूतल्या गाठीने दादा जाणार हे आम्हाला अडीच महिने ठाऊक होतं, पण ठाऊक असण्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

दादाची सगळी नोकरी मरोळच्या एका टूलरूममध्ये, कारखान्यांचे साचे बनवण्यात झाली. केसाएवढा फरक त्याला दिसायचा. त्याने मायक्रोमीटर वाचून सांगितलेला आकडा साहेबही पुन्हा तपासत नसत. निवृत्त झाल्यावर मुलुंडच्या घरात त्याने चक्क बिअर करायला घेतली. आई असती तर त्याला बादलीसकट बाहेर काढलं असतं. माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे जवाचा काकवीसारखा घट्ट पाक. तो थोड्या पाण्यात उकळायचा, वरून गार पाणी घालायचं, यीस्ट टाकायचं आणि बादली झाकून ठेवायची. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी त्यात तरंगते. यीस्ट साखर खाईल तशी ती खाली बसत जाते. पहिलं रीडिंग एक हजार पन्नासच्या आसपास, शेवटचं एक हजार बाराच्या. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून या उद्योगाची सल्लागार मी.

पहिल्याच वेळी रीडिंग एक हजार पस्तीस आलं. "वाट लागली गं! पाकात भेसळ आहे," दादा फोनवर ओरडत होता.

"पाणी घातल्यावर ढवळलंस का?"

हळूच उत्तर आलं, "नाही."

पाक तळाशी बसला होता आणि हा वरचं पाणी मोजत होता. त्यावरून मी त्याला वर्षभर छळलं. काहीही अडलं तरी उत्तर आपल्याकडे असतं, असा माझा तेव्हापासून समज झाला.

गेल्या उन्हाळ्यात रीडिंग वेडंवाकडं येऊ लागलं. आज एक हजार तीस, उद्या अठरा, परवा पुन्हा अठ्ठावीस. खाल्लेली साखर परत येते कुठून? मी म्हटलं, उकाड्याने फरक पडतो, नमुना थंड करून मोज. नळीला बुडबुडे चिकटले की ती उचलली जाते, गोल फिरवून बघ. यीस्ट बदल. हायड्रोमीटरच बदल. त्याने सगळं केलं. दोन बादल्या मोरीत ओतल्या. एकदा कंटाळून म्हणाला, "तू येऊन बघ ना एकदा, यार." घाटकोपर ते मुलुंड, लांब ते किती! पण माझ्या परीक्षा चालू होत्या. "तुझ्यासारखा डोळा असताना मी वेगळं काय बघणार?" मी म्हणाले.

मग एक दिवस तो जिन्यावरून पडला. स्कॅन झाला. डॉक्टरांनी समजावलं की गाठीमुळे डाव्या बाजूचं त्याच्या ध्यानातच येत नाही, आकडे वाचतानाही चुकतात. "हे कधीपासून?" त्यांनी विचारलं. "पंधरा दिवस डोकं दुखतंय म्हणत होते," वहिनी म्हणाली. माझ्या फोनमध्ये त्याने पाठवलेली तीन महिन्यांची रीडिंग्ज होती. त्याचे कपडे आणायला घरी गेले तेव्हा बादलीतलं मोजलं. पडण्याच्या आदल्या दिवशी त्याने एक हजार तीस कळवलं होतं. एक हजार बारा होतं. तीनदा मोजलं.

पाक, पाणी, यीस्ट, उकाडा, सगळं तपासलं मी. माझ्या भावाला तपासलं नाही. लवकर कळलं असतं तर तो वाचला असता का, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मला झालं नाही आणि होणारही नाही. वहिनीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती हे इथेच वाचेल.

तेराव्यानंतर तिने दादाची वही माझ्या हातात ठेवली. पट्टीने आखलेले रकाने, तारखा, टूलरूममधलं, टाकाने लिहिल्यासारखं अक्षर. शेवटच्या पानांवर मात्र सगळा मजकूर उजव्या कडेला दाटलेला आहे. डावं अर्धं पान कोरं. शेवटच्या ओळीत एक आकडा आहे आणि त्यापुढे लिहिलंय, "माधवी म्हणते, पुन्हा मोज. मोजलं."