टाचणीच्या उजव्या टाचेची झीज

बूट पाहून माणूस ओळखावा तो टाचणीनंच. तळ उलटा करायची, त्यावरून अंगठा फिरवायची आणि सांगायची, "हे साहेब कायम घाईत, टाच टेकवतच नाहीत," नाहीतर "बाई, तुमचा डावा गुडघा दुखतो ना?" बाई आ वासून उभी राहायची. ही विद्या तिला शिकवली कुणी? तिच्या थोरल्या भावानं. दादाची शाळा सातवीपर्यंतच, पण त्यानं ठोकलेली टाच निघाली असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आणि शिलाईत बहीण त्याच्याही वर चढली, हे तो स्वतः छाती फुगवून सांगायचा. दोघांचं बूटदुरुस्तीचं दुकान म्हणजे दोन माणसं बसली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं, एवढंच. दारात दादा, खिडकीपाशी टाचणी.

खरं नाव तिचं तिलाही आठवत नसेल. अंगानं काडी आणि बोलणं टोचणारं, म्हणून लहानपणीच टाचणी झाली, ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही टाचणीच.

त्या टाचणीच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमो. सहा घ्यायच्या, दर तीन आठवड्यांनी एक. पहिल्या दोन तिनं दातओठ खाऊन काढल्या. केस गेले तेव्हा म्हणाली, "बरं झालं, तेलाचा खर्च वाचला." पण तिसरी झाली आणि बाई मिटलीच. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. वहिनीनं काही विचारलं तर नुसतं "हूं". टोचणंसुद्धा बंद. आणि एका सकाळी भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "चौथीला मी येणार नाही."

दादाच्या हातातला चहा तसाच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे नाही. पुरे झालं."

दादा हॉस्पिटलात गेला आणि तिथल्या सिस्टरपुढे उभा राहिला. गिऱ्हाइकाशी तावातावानं भांडणारा माणूस, पण तिथे एवढंच म्हणाला, "बहीण चौथीला येत नाही म्हणते." सिस्टरनंच विचारलं, "दिवसभर करतात काय त्या?"

"भिंत बघते."

"मग भिंतीपासून उठवा त्यांना. डॉक्टरांनीही लिहिलंय बघा, रोज थोडं चालायचं. दहा मिनिटं. दमल्या तर पाच. ताप असला, गरगरलं, तर त्या दिवशी नाही. अंगाला बरं असतंच, पण मनाला जास्त बरं असतं."

दादानं दुकानाची सगळी कामं बाजूला सारली आणि दोन दिवसांत बूट बनवला. तिची पावलं सुजलेली, म्हणून पुढून रुंद. बोटं बधिर, म्हणून बांधायला नाडी नाही. आत मऊ अस्तर, खाली नवाकोरा रबरी तळ. राजाच्या राणीला असा बूट मिळाला नसेल. तिच्या खाटेपाशी ठेवला आणि म्हणाला, "हे तळ झिजव. झिजले की दुसरे लावून देतो. बाकी मी काही बोलणार नाही."

बाकी तो बोलला नाही, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

त्या दिवशी टाचणी बूट घालून निघाली. जिना उतरली, कोपऱ्यापर्यंत पोचली. तिथे एक जुनी गिऱ्हाईक बाई भेटली. तिनं डोक्यावरच्या रुमालाकडे पाहिलं आणि गालाला हात लावला. "अगं बाई गं, काय होतीस आणि काय झालीस!" टाचणी तिथूनच मागे फिरली. इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ एक बाक होता, त्यावर पंधरा मिनिटं बसली आणि वर आली. वहिनीनं विचारलं, "चाललीस?" ती म्हणाली, "हो."

झालं! दादाला तेवढं पुरे होतं. दुकानात येईल त्याला सांगायला लागला. "आमची बहीण केमो घेऊन रोज चौकापर्यंत जाऊन येते! आहे का कुणाची?" समोरचा न्हावी म्हणाला, "मला तर कधी दिसल्या नाहीत." दादा म्हणाला, "तुला आरशाबाहेरचं दिसतं काय?"

ही कीर्ती टाचणीच्या कानावर आली तेव्हा तिनं तळ उलटे करून पाहिले. बूट तर कोरेच! मग दुसऱ्या दिवशी जाताना तिनं पिशवीत कानस टाकली. रोज बाकावर बसायचं, बूट मांडीवर घ्यायचे आणि दोन्ही टाचा मोजून घासायच्या. दहा हात उजवीला, दहा डावीला. काम चोख. हात घरचाच होता ना!

आठवड्यानं दादानं बूट उचलला. उलटा केला. अंगठा फिरवला. टाचणी उशीवरून बघत होती. त्याचा अंगठा थांबला.

"टाचणे."

"काय?"

"दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात."

"चालले म्हणून झिजल्या."

"तू चालायला लागल्यापासून उजवी टाच बाहेरून खातेस. शाळेतले बूट, माझ्या लग्नातल्या तुझ्या चपला, सगळ्यांची उजवी टाच मी शिवलीय. आज सारख्या कशा? आणि या रेघा आडव्या आहेत. रस्त्यावर आडवी चालतेस की काय?"

अख्ख्या गावाचे तळ वाचणारी बाई, स्वतःची टाच विसरली! तिनं बूट हातात घेऊन रेघा पाहिल्या. मग हळूच म्हणाली, "जरा बारीक कानस घ्यायला हवी होती."

दादा हसायला लागला. पोट धरून हसला, खुर्चीचा हात धरून हसला. टाचणीलाही आवरेना. वहिनी स्वयंपाकघरातून डाव हातात घेऊन धावत आली, "काय झालं? काय झालं?" आणि दोघं तिला बोटानं बूटच दाखवत राहिले. महिन्याभरात त्या घरात कुणी हसलं नव्हतं. हसता हसता टाचणी रडायला लागली आणि कोपऱ्यावरच्या बाईचं सगळं सांगून मोकळी झाली.

"एवढंच ना?" दादा म्हणाला. "मागच्या रस्त्यानं जाऊ. शाळेच्या कुंपणापर्यंत."

"जाऊ? तू?"

"मी काय, घोडा आहे घोडा."

घोडा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दिव्याच्या खांबापाशी धापा टाकत कठड्यावर बसला. वर्षानुवर्षं बैठं काम, पोट गुडघ्यावर टेकलेलं. टाचणीनं त्याला पदरानं वारा घातला आणि विचारलं, "केमो नक्की कुणाला चालू आहे, दादा?"

टोचलं! टोचणं परत आलं, आणि दादाला धापेतही केवढं बरं वाटलं.

मग रोजच. दोन खांब, तीन खांब. अंग जड असलं त्या दिवशी फक्त जिन्यापर्यंत, त्याबद्दल कुणी कुणाला बोलायचं नाही. वाटेत टाचणी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचीच नाही, पायांकडे बघायची. "तो बघ, आतून घासतोय. ही बघ, एक नंबर मोठा घेतलाय." धंदाच रस्त्यावर मांडला म्हणा ना! एकदा तीच कोपऱ्यावरची बाई समोर आली, हात गालाकडे निघालाच होता. टाचणी म्हणाली, "डावा अंगठा बुटातून बाहेर डोकावतोय तुमचा. दुकानात द्या आणून, नाहीतर पडाल." बाईंनी खाली पाहिलं. हात तसाच खाली आला.

चौथ्या केमोच्या सकाळी दादा लवकर उठला. आंघोळ करून नुसता बसून राहिला. वहिनी भांडी पुन्हा पुन्हा पुसत होती. आतून टाचणी आली ती पायात बूट घालूनच.

"चल. आज परत येताना चालणं होणार नाही, तर जातानाच बसस्टॉपपर्यंत चालत जाऊ. झेपेल ना तुला?"

पाचवी झाली, सहावी झाली. मग तपासण्या, आणि कागद वाचून डॉक्टर म्हणाले, "सध्या सगळं ठीक आहे. तीन महिन्यांनी दाखवायला या." दादानं त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं.

सोमवारी टाचणी खिडकीपाशी येऊन बसली. डोक्यावर बोटभर केस. तिनं आपला बूट उलटा करून दादाच्या मांडीवर टाकला. उजव्या टाचेची बाहेरची कड पार गेली होती.

दादानं अंगठा फिरवला, फिरवतच राहिला.

"पुसायला कापड देऊ का?" तिनं विचारलं. "डोळे."

"रबराचा वास आहे."

"हो हो. आणि तुझा बूट काढ. बघू दे." तिनं तळ पाहिला. "डावा गुडघा दुखतोय. कधीपासून?"

"दुखत नाही."

"दादा."

"महिना झाला."

"मग उद्या दोनच खांब," म्हणत तिनं कानस उचलली आणि त्याच्या बुटाची वाकडी झिजलेली टाच सारखी करायला घेतली.

दादानं तेवढ्यात दारातून ओरडून सांगितलंच, "सहा केमो! आणि रोज शाळेच्या कुंपणापर्यंत! आहे का कुणाची बहीण अशी?"

न्हाव्यानं कात्री थांबवली. "आता दिसतात की रोज. तुम्हीच मागे राहिलेले दिसता."